दोन भाषांतल्या थापा

मागणी घालायला आलेल्या मंडळींसमोर नवऱ्या मुलाने तोंड उघडायचं नाही, असा लोलो इंगोंचा, म्हणजे इंगो आजोबांचा, नियम होता. मुलीनेही नाही. दोघांनी कोपऱ्यातल्या बाकावर, मध्ये एक जाडा माणूस मावेल एवढी जागा सोडून, शहाण्या मुलांसारखं बसायचं आणि बोलायचं ते मोठ्यांनी. हा नियम मोडायची फिलिपिन्समधल्या सेबू बेटाच्या त्या किनाऱ्यावर कुणाची टाप नव्हती, कारण तिथल्या अर्ध्याअधिक लग्नांची बोलणी लोलोंनीच केलेली. कुणाला मुलगी हवी असली की लोक लोलोंना पुढे घालायचे. मग लोलो मुलीच्या अंगणात उभे राहून यमकं जुळवायचे. आमचा मुलगा म्हणजे चिखलातला खेकडा, सरळ चालता न येणारा, आणि तुमची मुलगी म्हणजे आभाळातली चांदणी, असं काहीबाही लावून द्यायचे. संध्याकाळपर्यंत खेकडा चांदणी घेऊन घरी.

या खेपेला मात्र चांदणी त्यांच्याच घरची होती. थोरली नात, ग्रेचेल. आणि खेकडा आला होता थेट लिथुआनियाहून.

त्याचं खरं नाव झिद्रूनास बुत्कुस. गावात कुणाच्या जिभेवर तो 'झ' बसेना, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्याचा सिद्रो झाला. तो पर्यटकांना समुद्रात बुड्या मारायला शिकवायचा आणि लोलोंच्या घराला लागून असलेल्या भाड्याच्या खोलीत राहायचा. आता त्याची आई आणि मामा रीतसर मागणी घालायला यायचे होते. लोलोंना सेबुआनोखेरीज काही येत नव्हतं, पाहुण्यांचं इंग्रजी 'गुड मॉर्निंग'पाशी संपायचं, आणि ज्या दोघांना सगळं सांगता आलं असतं त्यांची तोंडं नियमाने बंद. राहिलं कोण? नोवेलिन. ग्रेचेलची धाकटी बहीण, वय सोळा, गुडघ्याला खरचटलेलं आणि आत्मविश्वास गळ्यापर्यंत.

वर्षभरापूर्वीची नोवेलिन असती तर तापाचं सोंग घेऊन पांघरुणात शिरली असती. वर्गात हजेरी देतानासुद्धा तिचा आवाज घशातच बसकण मारायचा. पण मग सिद्रो आला, आणि शाळा सुटल्यावर धक्क्यावर बसून त्या दोघांची देवाणघेवाण सुरू झाली: तू मला तुझी भाषा दे, मी तुला माझी. नोवेलिनला वाटलं होतं, त्यात काय, इकडचा शब्द काढायचा आणि तिकडचा बसवायचा. कसलं काय. सिद्रोच्या भाषेत प्रत्येक शब्दाला शेपूट, आणि ते वाक्यागणिक बदलायचं. माणसांनासुद्धा सुटका नाही. नवरा बुत्कुस, बायको बुत्किएने, मुलगी बुत्कुते. एका घरात तीन आडनावं. उलट नोवेलिनच्या भाषेत जी काय गंमत ती शब्दाच्या डोक्यावर, टोपी घालावी तशी. आणि क्रियापद वाक्याच्या तोंडाशीच येऊन बसलेलं, पंगतीत पहिला पाट पटकावणाऱ्या पाहुण्यासारखं.

सेबुआनोत 'तो' आणि 'ती' यांना एकच शब्द, त्यामुळे सिद्रोच्या भाषेत बोलताना नोवेलिन लोलोंची बाई करून टाकायची. तिच्याकडे शेतातला भात वेगळा, कांडलेला तांदूळ वेगळा, शिजलेला वेगळा आणि काल रात्रीचा उरलेला तर अगदीच वेगळा. सिद्रोकडे सगळ्यांना मिळून एक शब्द. "तुम्ही अगदीच गरीब लोक," ती म्हणायची. मग तो सांगायचा, आमच्याकडे करडा रंग बघ की, म्हाताऱ्याच्या केसांचा निराळा आणि घोड्याचा निराळा. "तुमच्याकडे ऊन नाही ना, म्हणून ते मोजत बसलात," ती म्हणायची.

घर छोटं असलं तर तो शब्दाला एक लाडिक शेपूट लावायचा. ती तोच शब्द दोनदा म्हणायची की घर आपोआप आकसायचं. 'आपण' म्हटलं की समोरचाही आत येतो आणि 'आम्ही' म्हटलं की तो दाराबाहेर राहतो, हे त्याच्या डोक्यात शिरायला फार दिवस लागले. शिरलं तेव्हा म्हणाला, आमच्यात असं काही नाही, पण 'आम्ही दोघं' एवढ्यापुरता एक निराळा शब्द आहे. हे सांगताना तो ग्रेचेलच्या खिडकीकडे बघत होता. नोवेलिनच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

पण सगळ्यात अवघड गेल्या त्याला भुवया. पहिल्या दिवशी त्याने पाठ करून आणलेल्या सेबुआनो वाक्यात लोलोंना विचारलं होतं, खोली भाड्याने मिळेल का? लोलोंनी भुवया उंचावल्या. तो बिचारा उत्तराची वाट बघत भर उन्हात उभा राहिला, उकडलेल्या कोळंबीसारखा लाल होईपर्यंत. शेवटी लोलोच वैतागून म्हणाले, "याला खोली नकोय का? मघाशीच हो म्हटलं की."

शाळेच्या भाषामहिन्यात नोवेलिनने या सगळ्यावर भाषण ठोकलं. मुख्याध्यापिका हसता हसता खुर्चीवरून घसरायच्या बेतात आल्या. त्या दिवशी पोरीचं जे तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही, असं तिची आई येईल त्याला सांगायची.

मागणीच्या दिवशी सकाळी ग्रेचेल तिच्या केसांत पिना खोचत म्हणाली, "नोव, शब्द न शब्द तसाच सांग हं. तुझी मीठमिरची नको."

"मानांग, तू नुसती बस. मी आहे ना." थोरल्या बहिणीला नोवेलिन मानांग म्हणायची.

"तीच तर भीती आहे."

ग्रेचेल हसली खरी, पण एकच पिन तिने तीनदा काढून पुन्हा खोचली. बाबा जहाजावर होते आणि त्यांनी फोनवर एका वाक्यात हात झटकले होते: लोलो म्हणतील ते. आणि लोलोंचा नकार म्हणजे दगडावरची रेघ. तो कधी मागे फिरला नव्हता. त्यांनी एकदा नाही म्हटलं म्हणून एक चुलत आत्या अजून बिनलग्नाची, चर्चबाहेर मेणबत्त्या विकत होती.

"आणि भाताकडे लक्ष ठेव," आईने बजावलं. "मी पाहुण्यांपुढे बसेन. तू दाराशीच असशील, हात लांब केलास की चूल."

"ठेवते गं."

दुपारी पाहुणे आले. पुढे बांबूवर अख्खं भाजलेलं डुक्कर, कारण मागणीचं जेवण मुलाकडच्यांनी आणायचं असतं. त्यामागे सिद्रोची आई दानुते, लिननच्या फडक्यात काळी पावरोटी आणि मीठ छातीशी धरून. आणि तिच्याबरोबर तिचा भाऊ, व्हितेनिस मामा: ताडमाड, पांढऱ्या मिशांचे, खांद्यावरून आडवा नक्षीदार विणलेला पट्टा, घामाने डबडबलेले आणि तरी खुशीत. सिद्रो आणि ग्रेचेल बाकावर अंतर सोडून बसले. लोलो वेताच्या खुर्चीत, टोपी काढून गुडघ्यावर ठेवलेली. नोवेलिन मधल्या दाराशी.

मामांनी घसा खाकरला आणि सुरू झाले.

"आमच्या भाच्याच्या गाई इतक्या आहेत, की मोजायला बसलेल्या माणसाला मोजता मोजता डुलकी लागते."

नोवेलिनने सांगितलं.

"त्याच्या शेतात धान्य इतकं उंच वाढतं, की मागच्या साली त्यात घोडा शिरला तो अजून सापडलेला नाही."

नोवेलिनने सांगितलं. घोड्याच्या जागी तर तिने हातही उंच केला.

"घराच्या खिडक्या मधाच्या रंगाच्या तृणमण्यांच्या. तो समुद्रावर फिरायला गेला की लाटा ओंजळी भरभरून तृणमणी त्याच्या पायाशी आणून ओततात. दिवा घेऊन शोधलात तरी असा मुलगा मिळायचा नाही. तुमचं नशीब थोर, म्हणून तो आपल्या पायांनी चालत आला."

नोवेलिनने तेही सांगितलं. शब्द कसे सरसर येत होते, शेपटं आपली आपण गळून पडत होती आणि टोप्या आपल्या आपण चढत होत्या. एक शब्द म्हणून तिने गाळला नाही. अंगावर मूठभर मांस चढलं तिच्या. आणि मग तिच्या लक्षात आलं, की घरात कुणी हलत नाहीये. आईचा पंखा हातातल्या हातात थांबला होता.

खेकड्याची जागा पाहुण्यांची असते. हे त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक. मागायला आलेल्याने खाली बसायचं, मग वरच्याने हात देऊन त्याला उठवायचं. आणि इथे मागायला आलेला माणूस स्वतःच चांदणी होऊन बसला होता.

"दाय," लोलो म्हणाले. घरातल्या सगळ्या मुलींना ते दायच म्हणायचे, पण इतक्या थंड आवाजात कधी नाही. "पाहुण्यांना सांग. आमचं घर हे असं. वारा सुटला की आम्ही छप्पर धरून बसतो. मुलगी म्हणाल तर आळशी. सूर्य डोक्यावर आल्याशिवाय उठत नाही. भात लावला की करपवते. बोलायला लागली की कोंबड्या पळतात. एवढ्या गाई मोजायच्या म्हणजे, हिला मोजताही येत नाही."

म्हणजे खाली कुणीच बसेना, तेव्हा लोलोच खाली बसले होते. आणि लोलो खाली बसले की पुढची पायरी नकाराचीच: आम्ही काही तुमच्या तोलाचे नाही.

नोवेलिनने सांगितलं. दुसरं काय करणार, शब्द न शब्द सांगायचं कबूल केलं होतं.

दानुतेने भावाची बाही ओढली. "व्हितेनिस, मुलगी आजारी आहे का रे? दुपारपर्यंत झोपते म्हणतायत."

"छे. त्यांना आपलं कमी वाटतंय. थांब, चढवतो."

आणि मामांनी चढवलं. त्यांच्याकडे रीतच होती तशी, मुलीकडचे कुरकुरले की आणखी वर जायचं. गाईंच्या जोडीला एक गिरणी आली. गिरणीपाठोपाठ एक जंगल आलं, आणि जंगलात भाच्याला बघून वाकून नमस्कार करणारी अस्वलं.

"आमचं अंगण लहान आहे," लोलो म्हणाले. "अस्वलं बांधायला जागा नाही." आणि त्यांनी गुडघ्यावरची टोपी उचलली.

बोलणी फिसकटली की लोलो टोपी घालत. एकदा ती डोक्यावर गेली की त्या दिवशी खाली उतरत नसे, आणि तो दिवस परत येत नसे. कोपऱ्यात सिद्रोचा चेहरा पिठासारखा झाला. ग्रेचेल नोवेलिनकडे बघत होती, आणि त्या नजरेचं भाषांतर करायला कुठली भाषा लागत नव्हती.

एक वाक्य पुरलं असतं. मामा म्हणतायत, आम्ही गरीब माणसं, पदर पसरून आलो आहोत. बस. कुणाला कळलं असतं? पण लग्नातही मामा असेच उभे राहणार, पुन्हा अस्वलं काढणार, आणि दानुते मात्र सून आजारी आहे असं धरून चालणार. नोवेलिनने एकदा लोलोंच्या टोपीकडे बघितलं, एकदा मामांच्या त्या आडव्या पट्ट्याकडे. आणि पट्ट्याकडे बघता बघता धक्क्यावरची एक गोष्ट तिला आठवली. सिद्रोने हसत हसत सांगितलेली, त्याच्या बहिणीच्या लग्नातली.

ती उठली.

"मी आता कुणाचंच सांगणार नाही," ती म्हणाली. "माझं सांगते."

"नोवेलिन, खाली बस," आई दातओठ खात म्हणाली.

"लोलो, हे मामा खोटं बोलतायत."

आईने कपाळावर हात मारला. नोवेलिन तेवढ्यात दुसरीकडे वळलीसुद्धा. "मामा, आमचे लोलोही खोटं बोलतायत."

दोन्ही म्हाताऱ्यांनी एकाच वेळी तिच्याकडे असं बघितलं, की वर्षभरापूर्वीची नोवेलिन तिथल्या तिथे वितळून गेली असती.

"मामा, लग्नात तुमचं काय करणार आहेत ते सांगा ना. मी लोलोंना सांगते."

मामांच्या मिशा एकदम वर गेल्या. "माझं? मला फासावर चढवणार."

नोवेलिनने सांगितलं. लोलोंची टोपी कानाजवळ थांबली.

"कशासाठी?"

"खोटं बोललो म्हणून," मामा खुशीत सांगू लागले आणि नोवेलिन त्यांच्या मागोमाग धावू लागली. "जो मागणी घालतो त्याने अशा थापा मारायच्याच. मग लग्नात सगळे मिळून माझ्यावर खटला भरतात. गाई कुठे आहेत? गिरणी कुठे आहे? मी काय सांगणार. मग शिक्षा. दोर आणतात, ढोल वाजतो, बायका खोटं खोटं रडतात. शेवटी नवरी येते, माझ्या गळ्यात पट्टा घालते आणि मला सोडवून नेते. माझ्या जागी गवताचा बाहुला लटकतो."

"आणि हे माहीत असून हा माणूस एवढे समुद्र ओलांडून आला?" लोलोंनी विचारलं.

"आमच्या घराण्यात इतकं चांगलं खोटं दुसऱ्या कुणालाच बोलता येत नाही," मामा म्हणाले. "प्रत्येक लग्नात मलाच फाशी."

"आणि लोलो," नोवेलिन मध्येच म्हणाली, "तुम्ही आजवर जेवढे खेकडे नेलेत, त्यातला एक तरी खरा खेकडा होता? मानोय डोडोंग तर वकील होते. त्यांच्यासाठी मागणी घालताना तुम्ही त्यांना शेवाळ म्हणालात."

लोलोंचे खांदे हलायला लागले. आवाज नाही, नुसते खांदे. मग पोट. मग वेताची खुर्ची करकरायला लागली.

"म्हणजे हा आपल्याच धंद्यातला," ते डोळे पुसत म्हणाले आणि टोपी पुन्हा गुडघ्यावर आली. "तो वर चढतो, मी खाली उतरतो, एवढाच काय तो फरक."

आता दानुतेला राहवेना. "गाई दोन आहेत," ती नोवेलिनला म्हणाली. "एक आटलेली. तृणमण्याची माझी ही एक माळ आहे, ती मी सुनेसाठी आणलीय. अस्वल मी अजून बघितलेलं नाही. आता खरं सांग, मुलगी बरी आहे ना?"

नोवेलिनने हे आईला सांगितलं, आणि आई जागेवरून उठलीच. "अहो, कोंबडा आरवायच्या आधी उठते माझी ग्रेचेल. भात करपवणारी ती नव्हे, ही बघा, ही."

"आई, हे सांगू?"

"सांग. शब्द न शब्द सांग."

लोलोंना मात्र आता वेगळाच चेव आला होता. त्यांनी बाह्या सरसावल्या. "थांबा, मला यांच्या पद्धतीने करून बघू दे. दाय, सांग त्यांना: माझी नात भात लावते तेव्हा त्या वासाने भर समुद्रातली जहाजं वाट वाकडी करून इकडे येतात. तिच्या बापाचं जहाज म्हणूनच कधी वेळेवर पोचत नाही."

मामांनी दाद देत मांडीवर थाप मारली. मग तेही गंभीर झाले, हात जोडले, मान खाली घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच नम्रतेच्या वाटेला गेले. "आमचा भाचा... खेकडा. घोरतो. नारळाच्या झाडावर चढवला तर उतरवायला माणसं लागतात. आणि उन्हात सोडला तर शिजलेला खेकडा."

"बरं जमतंय," लोलो म्हणाले. "आवाज जरा आणखी केविलवाणा हवा."

कोपऱ्यातल्या बाकावरचं ते जाड्या माणसाएवढं अंतर एव्हाना अर्ध्यावर आलं होतं. कुणाच्या ते लक्षात आलं नाही, म्हणजे नोवेलिनच्या आलं, पण ती आज फक्त कामाचंच बोलत होती.

मग मामा पुन्हा उठले. पट्टा नीट केला. या वेळी मिशांखालचं हसू गेलं होतं. "गाई दोन आहेत," ते म्हणाले, "आणि मुलगा चांगला आहे. तुमची मुलगी आमच्या घरात द्याल का?"

नोवेलिनने सांगितलं. सांगताना तिचा आवाज पुन्हा जुन्या नोवेलिनसारखा झाला, अगदी बारीक.

लोलोंनी मामांकडे बघितलं. मग बाकाकडे. मग त्यांनी भुवया उंचावल्या.

सिद्रो ताडकन उठला आणि त्याने ग्रेचेलला कडकडून मिठी मारली, नियमाच्या पार चिंधड्या उडवत. आईने पदर असता तर तोंडाला लावला असता. नव्हता म्हणून पंखा लावला. दानुतेने पावरोटी मोडली. मामा तेवढे अजून लोलोंच्या तोंडाकडे बघत उभेच.

"काय झालं?" ते नोवेलिनला कुजबुजले. "ते काहीच बोलले नाहीत."

"हो म्हणाले."

"कधी?"

नोवेलिनने त्यांना भुवया करून दाखवल्या. मामांनी करून बघितल्या. त्यांच्या मिशाच वर गेल्या. दानुतेने केल्या, तिच्या एका वेळी एकच जायची. लोलो खुर्चीतून उठून मामांपुढे उभे राहिले आणि बोटाने त्यांची भुवई वर धरून त्यांना शिकवू लागले.

"दाय, विचार त्यांना," शिकवता शिकवता लोलो म्हणाले, "तो बाहुल्याचा कार्यक्रम इकडे करता येईल का? आणि दोन बाहुले करायला सांग. खोटं मीही बोललो. फाशी त्याला एकट्याला कशाला?"

नोवेलिन ते सांगायला वळली आणि थांबली. आई नाक वर करून हुंगत होती. सगळेच हुंगायला लागले. मधल्या दारातून निळसर धूर आत येत होता, ज्या दारात कुणीतरी बसून हात लांब करायचा होता.

"बघा," लोलो शांतपणे म्हणाले. "तसा मी खरंच सांगत होतो. नातीचं नाव तेवढं चुकलं."

नोवेलिनने धावत जाऊन भांडं उतरवलं. वरचा भात पांढरा होता, तळाला काळी खरवड. तिने भांडं तसंच बाहेर आणून डुकराशेजारी ठेवलं आणि मामांना विचारलं, थोडा करपलेला चालेल का?

मामांनी मिशा घट्ट दाबून धरल्या आणि अवाक्षर न बोलता दोन्ही भुवया उंचावल्या.